डंपलिंगसाठी रांग, मोहाला मात्र नाकं

मंडळी, गेल्या ऑनसाईटच्या वेळी मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमध्ये 'शंगजियान बाओ' खाल्ले. नाव अवघड आहे, प्रकार सोपा. आंबवलेल्या मैद्याची छोटी पुरचुंडी, आत डुकराच्या मांसाचा खिमा आणि कातडी उकळून केलेली जेली. थंड असताना जेली घट्ट असते, म्हणून ती भरता येते. मग मोठ्या पसरट लोखंडी तव्यात थोड्या तेलावर या पुरचुंड्या शेजारी शेजारी मांडतात, वर पाणी ओततात, झाकण ठेवतात. वाफेने वरचा भाग लुसलुशीत, तळ खरपूस, आणि आतल्या जेलीचं झालेलं असतं सूप. वरून तीळ आणि कांद्याची पात. कडेला बारीक भोक पाडून आधी सूप ओढायचं. घाईने चावलात तर समोरच्याचा शर्ट गेलाच समजा!

चव? एकदम झकास. पाऊण तास रांगेत उभं राहिल्याचं वसूल. पण मला बोलायचंय ते त्या रांगेबद्दल.

रांगेत आमच्या टीमची चारपाच मराठी डोकी होती. एकाने आधीच व्हिडिओ बघून चॉपस्टिक कशी धरायची याचा अभ्यास केला होता. दुसरी सांगत होती की ही शांघायच्या रस्त्यावरची न्याहारी, शंभरेक वर्षं जुनी, आधी चहाच्या दुकानांत मिळायची. सगळे खूश. 'ऑथेंटिक' हा शब्द मी त्या पाऊण तासात डझनभर वेळा तरी ऐकला. मैदा कसला, तेल कुठलं, कुणीही विचारलं नाही.

मग मी म्हटलं, आमच्या नंदुरबारकडे सातपुड्यात मोहाची फुलं वाळवून ठेवतात आणि खातात. पहिला प्रश्न आला, "म्हणजे दारू ना?" दुसरा, "तुमच्याकडे ते कुपोषण असतं ना?" बस्स. विषय संपला. व्हिडिओ नाही, अभ्यास नाही.

आता थोडे आकडे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यातले ६९ टक्के आदिवासी. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची. म्हणजे यांचं जेवण हेच जिल्ह्यातल्या बहुसंख्यांचं जेवण. आता शहाद्यात नाहीतर नंदुरबारात हॉटेलांच्या पाट्या वाचत फिरा. पंजाबी, साऊथ इंडियन, काठियावाडी, चायनीज. 'पावरा थाळी' अशी पाटी मला आजवर दिसलेली नाही. कुणाला दिसली असेल तर पत्ता द्या, पुढच्या सुट्टीत नक्की जातो.

चायनीजच्या गाडीवर माझा राग नाही हां. चिकन मंचुरियन कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा केलं असं सांगतात. त्यामुळे तो पदार्थ आपलाच. पण गंमत बघा. शांघायचा माणूस शहाद्यात कधी आला नाही, तरी चायनीजची गाडी आली. धडगावचा माणूस दर आठवड्याला बाजाराला येतो, त्याचं जेवण मात्र आलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "अरे, मार्केटला डिमांडच नाही." डिमांड काय आभाळातून पडते का? अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली, ती १९४३ पर्यंत टिकली. त्या काळात चिनी माणूस उंदीर खातो अशी टवाळी सर्रास चालायची. आज त्याच लोकांच्या दुकानाबाहेर रांगा लागतात. दुकान त्यांचं, पाटी त्यांची, भाव त्यांनी ठरवलेला. आधी आपल्याच माणसांसाठी रांधलं, मग बाकीचे वास घेत आले.

आमच्याकडे काय? धडगावच्या बाया कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करतात. भाव व्यापारी सांगतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर दिवसभर ठसक्यात बसून मिरची निवडायची ती रोजंदारीवर. पावसाळा सरला की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत. मोहाच्या फुलांवर तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली बंधनं, ती सरकारने २०२१ मध्ये सैल केली. खायच्या फुलावर सत्तर वर्षं पहारा! अशात हॉटेल काढणार कोण, आणि कुठल्या भांडवलावर?

"तू गरिबीचं कौतुक करतोयस" असंही कुणी म्हणेल. अजिबात नाही. अक्कलकुवा-धडगावात कुपोषण आहे, आणि ते भयंकर आहे. पण ज्यांच्या घरात भूक आहे, त्यांचंच शिजवणं, पिकवणं, वाळवणं आपण फुकटात जमा धरलंय. त्याला दाम मिळाला तर त्यातला काही त्यांच्या चुलीपर्यंत जाईल, एवढं साधं गणित आहे. कृषी खातं पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतं. चांगलंच आहे. पण बॅनर, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नूडल्स. वर्षातून एक दिवसाच्या स्टॉलवर कुणाचं घर चालत नाही.

तर आता तुम्हाआम्हाला जमेल असं एक काम सांगतो. आपल्या वयाची लग्नं चालू आहेत. जेवणात चाट काउंटर असतो, चायनीज असतो, आता पास्तासुद्धा असतो. त्यात एक काउंटर वाढवा. मक्याची भाकर, उडदाची दाळ, अंबाडीची भाजी, आमचुराची चटणी. करायला सातपुड्यातल्याच बाया बोलवा. पाटीवर त्यांच्या गावाचं नाव लिहा. आणि पैसे पास्तावाल्याइतकेच द्या, एक रुपया कमी नको. केटरर म्हणेल, "साहेब, हे कोण खाणार?" त्याला सांगा, गरम भाकरीचा वास सुटू दे, मग मोज माणसं.