नवीन लॅपटॉप, जुनी डिस्क आणि परत पाठवलेला गिऱ्हाईक



मागच्या महिन्यात वडश्याला बॅच घेतली. जेवणाच्या सुट्टीत कुरखेड्याकडचा एक फोटो स्टुडिओवाला तरुण जवळ आला. म्हणाला, "सर, लॅपटॉप नवीन आहे, पन डीव्हीडी बनूनच नाही राहिली. बनली तर पार्टीच्या घरी चालत नाही. नाटकवाल्यांची चाळीस डिस्कची ऑर्डर होती, परत करून टाकली."

बाजूला बसलेला दुसरा लगेच बोलला, "अरे, आता कोण डिस्क घेते? लिंक पाठवून दे ना!"

आज मला या दुसऱ्या वाक्यावर बोलायचं आहे. हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण आपल्या भागात ते धंद्याचं नुकसान करतं.

आपला भाग कुठला ते आधी बघा. धान निघालं, दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. वडसा हे त्याचं केंद्र. याच रंगभूमीसाठी गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे ही काही लहानसहान गोष्ट नाही. नाटक, लग्न, तेरवी, शाळेचं गॅदरिंग, सगळ्याचं शूटिंग होतं. आणि भामरागड, एटापल्लीकडच्या कितीतरी गावांत आजही मोबाईलला धड रेंज नसते. तिथल्या माणसाला तुम्ही चार जीबीची लिंक पाठवणार? त्याच्या घरी टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याला तेच चालवता येतं. गिऱ्हाईक मागासलेला नसतो, त्याची सोय वेगळी असते. ती सोय जो करेल, पैसा त्याचा.

माझं मत स्पष्ट आहे. डिस्कचा धंदा वाढणार नाही, हे मान्य. त्यासाठी नवीन कर्ज काढू नका. पण आलेली ऑर्डर "लॅपटॉप साथ देत नाही" म्हणून परत करणं हा आळस आहे. त्या पोराचा लॅपटॉप मी स्वतः बघितला. त्यात एकही बिघाड नव्हता. चुका होत्या, आणि त्या सगळ्या दुरुस्त होण्यासारख्या होत्या. एकेक सांगतो.

पहिली, वीज. नवीन लॅपटॉपमध्ये डिस्क ड्राइव्ह येतच नाही, म्हणून बाहेरून यूएसबीचा रायटर लावावा लागतो. याने तो स्वस्तातल्या यूएसबी हबला लावला होता, त्याच हबवर माऊस आणि पेनड्राइव्हही. डिस्क वाचायला जेवढी वीज लागते, त्यापेक्षा लिहायला जास्त लागते. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलीअँपियर मिळतात, तेही हबवर वाटले जातात. म्हणून डिस्क दिसते, उघडते, आणि बर्न करताना मध्येच एरर येतो. रायटर थेट लॅपटॉपला लावा. त्याच्या केबलला दोन पिना असतील तर दोन्ही लावा. चार्जर चालू ठेवा आणि लॅपटॉप स्लीपमध्ये जाणार नाही अशी सेटिंग करा.

दुसरी, विंडोजचा प्रश्न. कोरी डिस्क टाकली की विंडोज विचारतं, ही डिस्क कशी वापरायची? पेनड्राइव्हसारखी, की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? बरेच जण पहिलं निवडून मोकळे होतात. ती डिस्क कॉम्प्युटरवर उघडते, पण टीव्हीखालच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. दुसरा पर्याय निवडा.

तिसरी, आणि सगळ्यात मोठी. एमपी४ फाईल डिस्कवर कॉपी केली म्हणजे डीव्हीडी झाली, असं नाही. जुन्या प्लेअरला एमपेग-२ प्रकारचा व्हिडिओ आणि ठरावीक फोल्डरची रचना लागते. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये यासाठी डीव्हीडी मेकर होता. विंडोज ८ पासून तो काढून टाकला. जुन्या लॅपटॉपवर जमत होतं ते नव्यावर का जमत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. डीव्हीडी ऑथरिंगचं सॉफ्टवेअर वेगळं टाका. आणि तपासायला व्हीएलसी प्लेअर ठेवा, कारण विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट चालवायची सोयही सोबत येत नाही. चांगली डिस्कही मग "खराब" वाटते.

चौथी, जागा आणि वेग. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज मात्र ४.३७ च्या आसपास दाखवतं. हिशोब मोजायच्या पद्धतीचा आहे, कोणी फसवलेलं नाही. चांगल्या दर्जाचा साधारण तासभर, दर्जा थोडा कमी केला तर दोन तास बसतात. रात्रभराचं नाटक एका डिस्कवर कोंबू नका, अंकानुसार दोन-तीन डिस्कचा संच करा आणि दरही संचाचाच सांगा. बर्न करताना वेग ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवा. पेनड्राइव्हवरून थेट बर्न करू नका, फाईल आधी लॅपटॉपवर घ्या.

आता हिशोब करू. समजा कोरी डिस्क २० रुपयांची. पाचात एक खराब झाली तर चार चांगल्या डिस्कसाठी १०० रुपये गेले, म्हणजे एक २५ ला पडली. हे दिसतं. पण डिस्क चालली नाही म्हणून गिऱ्हाईक तीस किलोमीटरवरून एसटीने परत आला, तो खर्च कुठे लिहिता? त्याची मजुरी बुडाली. पुढच्या लग्नाला तो तुम्हाला बोलावणार नाही, आणि बोलावणार नाही हे सांगणारही नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. ट्रेनिंगच्या आधी मी शूटिंगच करायचो. चंद्रपूरजवळच्या एका गावातलं लग्न होतं. डिस्क दिली, पैसे घेतले, कार्ड दुसऱ्या कामासाठी पुसून टाकलं. डिस्क शेवटपर्यंत चालवून बघितली नव्हती. पाच-सहा महिन्यांनी मुलीचा भाऊ आला. वडील वारले होते. त्यांचं चालतं-बोलतं चित्र त्या एका डिस्कमध्येच होतं, आणि विदाईचा भाग यायच्या आधीच डिस्क अडकत होती. मी तीन ड्राइव्हमध्ये टाकून बघितली. नाही निघालं. त्याने मला एक शब्दही वाकडा बोलला नाही. "होतं असं, भाऊ," म्हणून डिस्क घेऊन गेला. मी पैसे परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत. तो दिवस मी विसरलो नाही.

म्हणून आता मी प्रत्येक बॅचला तीन नियम सांगतो. एक, बर्न झाल्यावर व्हेरिफाय करा आणि दुकानात एक जुना प्लेअर ठेवून सुरुवात, मध्य, शेवट चालवून बघा. दोन, मूळ फाईल किमान वर्षभर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि हे गिऱ्हाईकाला बिलावर लिहून द्या. तीन, डिस्कसोबत पेनड्राइव्हचा पर्याय द्या. तो देताना ध्यानात ठेवा, जुने टीव्ही बऱ्याचदा फॅट३२ पेनड्राइव्हच वाचतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. तुकडे करून द्या. डिस्क उन्हात ठेवू नका, हेही सांगा. आपल्या चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे.

तो पोरगा त्याच दिवशी दुपारी नाटकवाल्यांना फोन लावत होता. ऑर्डर परत मिळाली की नाही ते त्याने अजून कळवलं नाही. कदाचित गेलीही असेल. पण पुढची जाऊ नये, एवढं त्याच्या हातात आहे.

तुमच्या दुकानात "हे आता कोणी घेत नाही" म्हणून तुम्ही कोणतं काम परत करता? आज रात्री एका कागदावर लिहून काढा. आणि प्रत्येकापुढे हे लिहा: गिऱ्हाईक खरंच येत नाही, की आपल्याला जमत नाही?

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, नीट करा.