थैली सरकारची, यादी गावाची

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ‘अस्मानी सुलतानी’ हे प्रकरण लिहिणाऱ्या संताच्या गावाला या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. या जिल्ह्याने २०१२-१३चा दुष्काळ सोसला. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली. अशा वर्षी शेतकऱ्याचे पीक बुडते आणि मजुराचा रोजही बुडतो. मग अडलेल्याला हात ग्रामपंचायतीने द्यायचा, की ते काम तहसील आणि मंत्रालयावर सोडायचे?

ग्रामपंचायतीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पिकाची भरपाई सातबारा पाहून मिळते. दुसऱ्याचे शेत बटईने करणारा, भूमिहीन मजूर, सासरच्या जमिनीवर नाव न लागलेली विधवा, यांना ती शोधत येत नाही. संजय गांधी निराधार योजना आहे. पण तिच्यासाठी वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि त्यासाठीच्या चकरांत रोज बुडतो. कोणाची चूल थंड आहे, हे गल्लीला आधी कळते, कचेरीला नंतर.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ग्रामपंचायतीची स्वतःची मिळकत मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टीची. संकटाच्या वर्षी नेमकी तीच थकते. स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. समजा, वसुली ५ लाख झाली आणि गावात ५० दिव्यांग असले, तर एकाच्या वाट्याला वर्षाचे ५०० रुपये येतात. वित्त आयोगाचा निधी येतो, पण त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो. शिवाय गाव म्हटले की भावकी आली, गट आले. निवडणुकीत विरोधात गेलेल्या घराचे नाव यादीत राहील, याची हमी कोण देणार?

त्यात अलीकडचा अनुभव कडू आहे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत नुकसानभरपाईच्या वाटपात बनावट नावांवर कोट्यवधी रुपये उचलल्याचे प्रकरण उघडकीस आले, तलाठी निलंबित झाले. यावरून कोणी म्हणेल, गावपातळीवर याद्या नकोतच. पण हा घोटाळा ग्रामसभेच्या पारावर झाला नव्हता. याद्या संगणकावर भरल्या गेल्या होत्या. पारावर नावे मोठ्याने वाचली जातात, तेव्हा ‘याला कुठे शेत आहे?’ असे विचारणारा एक तरी म्हातारा उठतो.

राहिला पैशाचा पेच. त्यातून महाराष्ट्राने एकदा वाट काढली आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना मजुरी मिळाली. पुढे रोजगार हमीसाठी १९७५मध्ये व्यवसाय कर बसला, त्यात शहरातल्या पगारदारांचा मोठा वाटा होता. १९७७मध्ये हमीचा कायदा झाला. दुष्काळी गावाच्या मजुरीला दुष्काळ नसलेल्या शहराचा पैसा, हे त्यातले शहाणपण होते. कोरड्या विहिरीत पोहरा सोडून पाणी निघत नाही, हे त्या पिढीला ठाऊक होते.

म्हणून आमचे मत असे: मदतीची थैली सरकारचीच असावी, ग्रामपंचायतीने रोख वाटायच्या फंदात पडू नये. पण सातबारा नसलेल्यांची यादी संकट येण्याआधी, दर उन्हाळ्यात ग्रामसभेत वाचून कायम करावी आणि पंचायतीच्या भिंतीवर लावावी. वगळलेल्याला तहसीलदारांकडे दाद मागता यावी आणि निकालाला मुदत असावी. दाखल्यांचे काम महिन्यातून एक दिवस गावातच व्हावे. रोजगार हमीची कामे आधीच मंजूर करून ठेवावीत.

याने भावकी संपणार नाही. पण बंद खोलीतला अन्याय कोणाला दिसत नाही. चावडीवरच्या अन्यायाशी निदान भांडता येते.