नकाशातला मोकळा व्हरांडा

रुग्णालय कसे बांधावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न आपल्याकडे एरवी विचारला जात नाही. तो विचारला जातो आग लागल्यावर, आणि तोही चार दिवस. २०२१ या एका वर्षात महाराष्ट्रावर ही वेळ अनेकदा आली. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात दहा अर्भके दगावली. २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात. प्रत्येक वेळी चौकशी झाली, तपासणीचे आदेश निघाले, आणि मग सारे शांत झाले.

नियम नव्हते असे नाही. राज्याचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये आली. तिच्या २०१६ च्या आवृत्तीने रुग्णालयाचा जिना किमान २ मीटर रुंद असावा असे सांगितले. संहिता स्वतः शिफारसवजा असते. स्थानिक नियमावलीत तिला जागा मिळाली तरच ती बंधनकारक होते. तेव्हा नियम चांगले, अंमलबजावणी वाईट, असे म्हणून आपण मोकळे होतो. ते खरे आहे, पण अर्धेच.

उरलेले अर्धे असे की हे नियम ज्या रुग्णालयाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात, ते रुग्णालय आपल्याकडे क्वचितच सापडते. बँकेत असताना रुग्णालयांच्या कर्जप्रकरणांना जोडलेले नकाशे मी पुष्कळ पाहिले. नकाशातला व्हरांडा नेहमी मोकळा असतो. प्रत्यक्षातल्या व्हरांड्यात सतरंज्या असतात, डब्यांच्या पिशव्या असतात, आणि रात्री भिंतीला लागून माणसे झोपलेली असतात. ही माणसे तेथे हौसेने येत नाहीत. सलाईन संपत आले हे सांगायला, रोग्याला संडासला न्यायला, रक्ताची बाटली आणायला, मध्यरात्री औषधाचे दुकान शोधायला आपल्याकडे नातेवाईकच लागतो. शुश्रूषेचे निम्मे काम तो करतो. पण इमारतीच्या हिशेबात तो येतो फार तर प्रतीक्षाकक्षातल्या खुर्चीपुरता, आणि तेही दिवसा. मग रात्री २ वाजता धूर झाला की कागदावरची सुटकेची वाट झोपलेल्या माणसांनी भरलेली निघते. त्यांना हटकून उपयोग नाही. त्यांच्यासाठी जागा काढणे, हा नियमाचाच भाग व्हायला हवा.

हे कोणाला ठाऊक असते? रात्रपाळीच्या सिस्टरला, मावशींना, वॉर्डबॉयला, आणि आठ रात्री जमिनीवर काढलेल्या मुलाला किंवा सुनेला. स्ट्रेचर कोणत्या वळणावर अडते, एका प्लगवर किती यंत्रे लावावी लागतात, कोणत्या दाराला कुलूप असते, याची माहिती त्यांच्याजवळ असते. नियम लिहिणाऱ्या तज्ज्ञांच्या टेबलापर्यंत ती पोहोचतच नाही.

दार अगदीच बंद आहे असेही नाही. भारतीय मानक ब्युरो आपले मसुदे अभिप्रायांसाठी खुले करते. नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे बांधकाम नियमावलीत बदल करायचा तर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. पण मसुदा तांत्रिक भाषेत, सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, मुदत मोजकी. अशा मसुद्यावर वास्तुविशारद लिहितील, बांधकाम व्यावसायिक लिहितील. मावशी कशाला लिहील?

अमेरिकेत रुग्णालयांच्या रचनेचे किमान निकष १९४७ पासून छापले जात आहेत. प्रथम ते सरकारने केले, पुढे ते काम व्यावसायिक आणि स्वतंत्र संस्थांकडे गेले. २०१० पासून दर चार वर्षांनी नवी आवृत्ती येते. तत्पूर्वी कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो, मग मसुद्यावर पुन्हा मत देऊ शकतो. आणि निर्णय घेणाऱ्या समितीत वास्तुविशारदांबरोबर डॉक्टर, परिचारिका आणि सरकारी अधिकारीही असतात. त्यांच्या २००६ च्या आवृत्तीने नव्या सर्वसाधारण रुग्णालयांत एका खोलीत एकच रुग्ण हा निकष धरला. तो आपल्याला परवडणारा नाही, आणि उचलूही नये. उचलायची आहे ती विचारण्याची रीत.

यावर आक्षेप येईल की तुळई किती जाडीची असावी हे लोकांना काय कळते? कबूल, तो प्रश्न त्यांना विचारूच नये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तालुक्याच्या गावी दहा खाटांचे रुग्णालय चालविणारा डॉक्टर म्हणतो, नियम वाढले तर मी दार लावून घेईन. त्याचेही ऐकलेच पाहिजे. तो आणि त्याचे रुग्ण एका टेबलाशी बसले, तर कोणता खर्च जिवासाठी आहे आणि कोणता केवळ शिक्क्यासाठी, हे निदान बोलले तरी जाईल.

बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. रुग्णालयाच्या नियमांची एक किल्ली तज्ज्ञांकडे आहे, ती तेथेच राहावी. दुसरी वापरणाऱ्यांकडे द्यावी. त्यासाठी फार काही लागत नाही: मसुद्याचा मराठी गोषवारा, तोंडी सूचना लिहून घेणारा एक कारकून, आणि प्रत्येक सूचना का स्वीकारली किंवा का नाकारली याचे दोन ओळींचे जाहीर उत्तर. पुढचा मसुदा निघेल तेव्हा तो राजपत्रात जरूर छापावा. पण त्याची एक प्रत जिल्हा रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशेजारी लावावी. तेथे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाचायला वेळ भरपूर असतो, आणि सांगण्यासारखेही पुष्कळ असते.