रांगेचा हिशेब

४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर झालेल्या चेंगराचेंगरीत अकरा जणांचा मृत्यू झाला. आदल्या रात्री अहमदाबादेत बंगळुरूच्या संघाने आयपीएलचे विजेतेपद प्रथमच पटकावले होते आणि शहर आनंदाने रस्त्यावर उतरले होते. स्टेडियमची आसनक्षमता पस्तीस हजारांच्या आसपास; बाहेर जमलेला समुदाय काही लाखांचा. प्रवेश मोफत आहे, पण मर्यादित आहे आणि त्यासाठीचे पास संकेतस्थळावर मिळतील, असा संदेश त्याच दिवशी दुपारी पसरला. पास कोणाला मिळाले, किती मिळाले, कोणते दार कोणासाठी, हे दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक नव्हते. पोलिसांची रीतसर परवानगी न घेता केलेल्या आवाहनामुळे ही गर्दी जमली, असे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने पुढे प्रथमदर्शनी नोंदवले.

या घटनेची जबाबदारी कोणाची, याचा निवाडा न्यायसंस्था करील. मला लक्ष वेधायचे आहे ते तिच्या सामान्यपणाकडे. मृत्यू असाधारण होते. पण त्या दुपारी तिथे जे घडत होते, ते आपल्या प्रत्येक महानगरात रोज घडते. संगणकाच्या पडद्यावर अर्धवट सूचना, रस्त्यावर अनियंत्रित गर्दी आणि बंद दाराआड कोणीतरी आधीच वाटून घेतलेल्या जागा. शहरी जीवनाचा त्रास, क्रिकेटवेड्याची तगमग आणि घरच्या संगणकाशी होणारी झटापट या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत, असे आपण समजतो. वस्तुतः ती एकच तक्रार आहे: रांगेत उभे राहण्याला नागरिकाची ना नाही, पण रांगेचा नियम त्याला कोणी सांगत नाही.

ही तक्रार जुनी आहे. १८८०च्या दशकात मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर युरोपीय मंडळी पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी एतद्देशीयांच्या क्रिकेटच्या खेळपट्ट्या उखडत. पारशी आणि इतर देशी खेळाडूंनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज-विनंत्यांची मालिकाच चालवली. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली त्या झगड्याची हकिकत ग्रंथरूपाने छापली. शहराची मोकळी जागा कोणाची आणि ती कोणत्या न्यायाने वाटायची, हा प्रश्न आपल्याकडे क्रिकेटने काँग्रेसच्या स्थापनेच्याही आधी विचारला होता.

स्वातंत्र्यानंतर सत्ताधारी बदलले, प्रश्न राहिला. १ जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत क्षमतेपेक्षा अधिक तिकिटे विकली गेली. हातात तिकीट असूनही बसायला जागा नसलेले लोक सीमारेषेपर्यंत सरकले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि पाहता पाहता मंडपांना आगी लागल्या. त्या दिवशी खेळ होऊ शकला नाही. वृत्तपत्रांनी प्रेक्षकांच्या बेशिस्तीवर लिहिले. पण पैसे घेऊन जागा न देणे ही बेशिस्त कोणाची, हा प्रश्न मागे पडला.

मुंबईचे उदाहरण अधिक बोलके आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम असताना त्याच्या हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम का उभे राहिले? ब्रेबॉर्नची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची होती, आणि सामन्याच्या वेळी कोणाला किती जागा मिळाव्यात यावरून त्या क्लबचे आणि शहराच्या क्रिकेट संघटनेचे बिनसले. तत्कालीन विधानसभाध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने नवे स्टेडियम वर्ष-सव्वा वर्षात बांधून झाले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी खेळली गेली. म्हणजे ही वास्तूच मुळी तिकिटांच्या वाटपातील तंट्यातून जन्मली. त्या तंट्याचा लाभ सामान्य प्रेक्षकाला किती झाला, याचे उत्तर छत्तीस वर्षांनी मिळाले. २०११च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला. सुमारे तेहतीस हजार आसनांपैकी सर्वसामान्यांसाठी खुली झालेली तिकिटे होती जेमतेम चार हजार. उरलेली संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद, नियामक मंडळ अशी वाटली गेली. त्या चार हजारांतील काही तिकिटे संकेतस्थळावर आली, आणि संकेतस्थळ कोसळले.

त्याच स्पर्धेत, २४ फेब्रुवारी रोजी, बंगळुरूला भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी रात्रीपासून रांगेत ताटकळलेल्या लोकांवर लाठीमार झाला. रस्त्यावरच्या रांगेची ही विटंबना टाळण्यासाठी संगणकाकडे वळणे स्वाभाविक होते. संगणकापुढे ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, अशी आपली श्रद्धा होती. पण २०२३च्या विश्वचषकाने ती श्रद्धा डळमळीत केली. स्पर्धेचे वेळापत्रक जेमतेम शंभर दिवस आधी जाहीर झाले; ऑगस्टमध्ये त्यातील नऊ सामन्यांच्या तारखा किंवा वेळा बदलल्या; आणि तिकीटविक्री सुरू झाली ती महिनाअखेरीस. घरोघरी माणसे पडद्यावरच्या आभासी रांगेत तासन्‌तास बसून राहिली. पैसे संगणकावरून भरायचे, पण प्रवेशासाठी तिकीट मात्र कागदाचेच लागणार, हाही एक नियम. पुढे कोलकात्यात ईडन गार्डन्सच्या तिकिटांचा काळाबाजार उघडकीस आला आणि पोलिसांना क्रिकेट संघटनेकडे व विक्रेत्या कंपनीकडे विचारणा करावी लागली.

या आभासी रांगेचा अनुभव आमच्या घरानेही घेतला आहे. दोन संगणक आणि एक भ्रमणध्वनी अशा तीन साधनांवर घरातील तिघे एकाच सामन्यासाठी बसलो. तिघांनाही रांगेतला वेगळा क्रमांक मिळाला. सर्वांत शेवटी बसलेल्याचा क्रमांक सर्वांत आधीचा होता. दीड तासाने एकाचे दार उघडले, आसने निवडून झाली, बँकेचा सांकेतिक क्रमांक आला आणि तो भरेपर्यंत ‘आपली मुदत संपली आहे’ असा संदेश झळकला. यात कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे: त्या दिवशी एकूण किती तिकिटे विक्रीस होती, हे आम्हाला आधी कळले नाही आणि नंतरही कळले नाही. खिडकीवरच्या रांगेत निदान पुढची डोकी मोजता येत होती.

सेवेत असताना अशा सामन्यांच्या बंदोबस्ताच्या बैठकांना मी बसलो आहे. एका बैठकीची कार्यसूची आजही आठवते. दारे, पिण्याचे पाणी, रुग्णवाहिका, बाहेर पडण्याचे मार्ग हे विषय तिच्यात होते. पण पहिला पाऊण तास गेला तो कोणत्या कार्यालयाला किती मानाच्या प्रवेशिका, या वाटाघाटीत. ज्यांनी व्यवस्थेकडे त्रयस्थपणे पाहायचे, तेच जेव्हा तिचे निमंत्रित होतात, तेव्हा प्रेक्षकाच्या बाजूने प्रश्न विचारणारे त्या टेबलाशी कोणी उरत नाही. सामन्याला आलेल्या माणसाने पाण्याची बाटली दाराशी टाकायची, पिशवी ठेवायला जागा नाही म्हणून ती एखाद्या पानपट्टीवाल्याच्या हवाली करायची आणि आत दामदुपटीने पाणी विकत घ्यायचे, हे सारे त्यामुळेच वर्षानुवर्षे चालते.

तुलनेसाठी रेल्वे पाहा. तिच्याविषयी तक्रारी कमी नाहीत. तत्काळ तिकिटांचा रोजचा जुगार लाखो घरांना परिचित आहे. तरीही प्रतीक्षायादीतला प्रवासी आपला क्रमांक जाणतो. सर्वसाधारण, तत्काळ, महिलांसाठीचा असे कोटे नावानिशी ठरलेले आहेत. दलालांची यंत्रे आधीच तिकिटे पळवतात, अशी ओरड झाल्यावर जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधार-पडताळणी सक्तीची झाली आणि अधिकृत दलालांनाही पहिली तीस मिनिटे दूर ठेवण्यात आले. हे उपाय पुरेसे आहेत की नाहीत, यावर वाद होऊ शकतो; आणि वाद होऊ शकतो याचे कारण आकडे व नियम उघड आहेत. रेल्वेला माहितीचा अधिकार लागू आहे. क्रिकेट संघटनांच्या बाबतीत तोच दरवाजा बंद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले की नियामक मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते. लोढा समितीने, आणि २०१८ मध्ये विधी आयोगाने, मंडळाला माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत आणावे असे सुचवले. त्याच वर्षी केंद्रीय माहिती आयोगाने तसा आदेश दिला. मंडळाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने हा प्रश्न मिटेल अशी आशा होती. प्रत्यक्षात माहितीच्या अधिकाराची तरतूद शासकीय अर्थसाह्य घेणाऱ्या संस्थांपुरती मर्यादित राहिली.

आम्ही सरकारकडून पैसा घेत नाही, मग हिशेब का द्यावा, असा मंडळाच्या बाजूचा युक्तिवाद आहे. तो अगदीच पोकळ नाही. क्लबांच्या सभासदांच्या वर्गणीतून मैदाने उभी राहिली, त्यांचा काही हक्क आहेच. पुरस्कर्त्यांना जागा देण्यातही गैर काही नाही. पण साह्य केवळ रोख रकमेनेच होत नाही. अनेक स्टेडियम सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. सामन्याच्या दिवशी शहराचे रस्ते बंद होतात, मेट्रोची आखणी बदलते, शेकडो पोलीस आपापली ठाणी सोडून तिथे उभे राहतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क पूर्वलक्षी प्रभावाने कमी केले आणि ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ही सवलत म्हणजे सार्वजनिक तिजोरीचा त्याग नव्हे काय? आणि सभासदांना तीस टक्के जागा द्यायच्या असतील तर खुशाल द्याव्यात. फक्त तीस टक्के दिल्या असे सांगावे.

म्हणून नव्या कायद्याची वाट न पाहता राज्य सरकारांनी आणि महापालिकांनी हाती असलेले अधिकार वापरावेत. सामन्याच्या परवानगीसाठी तीन अटी पुरेत. पहिली, विक्री सुरू होण्यापूर्वी एकूण आसने आणि त्यांची वर्गवारी (खुली विक्री, सभासद, पुरस्कर्ते, मानाच्या प्रवेशिका) संकेतस्थळावर जाहीर व्हावी. दुसरी, मोठ्या सामन्यांची खुली तिकिटे कळ दाबण्याच्या वेगावर न विकता, आठवडाभर अर्ज घेऊन ओळख पडताळून सोडतीने द्यावीत. विम्बल्डनमध्ये १९२४ पासून सोडत आहे. इंग्लंडमधील २०१९च्या क्रिकेट विश्वचषकातही ती होती. सोडतीत जलद जोडणीवाल्या घराला आणि गल्लीतल्या सायबर कॅफेत बसलेल्या मुलाला सारखीच संधी असते. तिसरी, दारे, मार्ग, वाहतूक आणि आपत्कालीन व्यवस्था यांचा आराखडा सामन्याआधी नागरिकांसाठी प्रसिद्ध व्हावा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका २०१४ सालीच काढली आहे. ती कपाटातून बाहेर काढण्याचाच काय तो प्रश्न आहे. मैदानाबाहेरच्या विजयोत्सवालाही हीच अट लावावी.

यावर कोणी म्हणेल, देशापुढे मोठे प्रश्न असताना तिकिटांचे काय घेऊन बसलात? पण सामान्य माणूस राज्यव्यवस्थेला भेटतो तो अशाच ठिकाणी: दवाखान्याच्या खिडकीशी, शाळाप्रवेशाच्या यादीत, घराच्या सोडतीत आणि स्टेडियमच्या दाराशी. नियम ठाऊक असेल तर तो नकारही पचवतो. दुसऱ्याच्या हाती पास पाहून आणि आपल्या हाती काहीच न पाहून मात्र त्याच्या मनात एक समज पक्का होतो, की इथे रांग ही केवळ ज्यांची कोणाशी ओळख नाही त्यांच्यासाठी असते. असा समज झालेला जमाव दार उघडेल या आशेने पुढे रेटू लागतो, आणि दार कधी उघडणार हे त्याला कोणी सांगितलेले नसते. चिन्नास्वामीच्या बाहेर त्या दुपारी तेच झाले. पुढच्या सामन्याची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने स्वाक्षरीपूर्वी एकच कागद मागावा: किती आसने, कोणाला, कोणत्या दाराने. तो कागद मिळेपर्यंत परवानगी थांबवण्याचा अधिकार त्याला आजही आहे.