करप्याला बियाण्यातच अडवावे का?

करपा म्हटला की बटाटा आठवतो, पण पेण-रोह्यात बटाटा येतो तो घाटावरून. इथल्या शेतकऱ्याची झोप उडते ती भातावरच्या कडा करप्याने. पानाचा शेंडा पिवळा पडतो आणि तो पिवळेपणा कडेने नागमोडी खाली उतरतो. शंका असेल तर पान कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावे. कापलेल्या जागेतून दुधाळ धार सुटली की जिवाणू आहे असे समजावे. एका खाचराचे पाणी दुसऱ्यात उतरते, त्याबरोबर तोही उतरतो. बुरशीच्या करप्यावर फवारणी तरी चालते, याच्यावर ती फारशी लागू पडत नाही. आणि आपल्या पावसात फवारलेले टिकते किती?

म्हणून प्रतिकार बियाण्यातच हवा, हे म्हणणे पटते. ते जमतेही. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या जीवविज्ञान संस्थेने सांबा मसुरी या भाताच्या वाणात तीन प्रतिकारक जनुके संकराने आणली. 2008 साली तो सुधारित वाण प्रसारित झाला. दाणा पूर्वीसारखाच बारीक राहिला. त्या तिन्हींपैकी एक्सए21 हे जनुक मूळचे आफ्रिकेतल्या जंगली भाताचे.

पण बटाटेवाल्यांचा अनुभव विसरून चालणार नाही. 1968 साली आलेला कुफरी ज्योती हा बटाट्याचा वाण उशिराच्या करप्याला दाद देत नसे. पुढे बुरशीच बदलली आणि तो प्रतिकार ओसरला. एका जनुकावर भिस्त ठेवून शिवारभर एकच वाण लावला, तर भातातही तेच होईल. त्यात रोह्याकडे कालव्यावर उन्हाळी भात होतो, म्हणजे रोगाला दोन्ही हंगामांत बिऱ्हाड.

पेणच्या खारेपाटात तर हिशेबच निराळा. बांध फुटून भरतीचे पाणी शिरले की करप्याचे जनुक काय कामाचे? तिथे आधी खारेपणा सोसणारा वाण लागतो. पनवेलच्या खारजमीन केंद्राचे वाण त्यासाठीच आहेत.

तेव्हा आमचे मत असे: कर्जतच्या भात संशोधन केंद्राला सरकारने पैसा द्यावा, पण तो नव्या नावांपेक्षा लोक खातात आणि गिरणीवाला बिनतक्रार घेतो त्याच वाणांत दोन-तीन जनुके एकत्र आणण्यावर खर्च व्हावा. खारेपाटासाठी खारेपणा आणि रोग यांचा विचार एकाच वाणात व्हावा. याला वर्षे लागतील. तोवर युरियाचा हात आखडता घ्यावा, कारण जादा नत्राने दोन्ही करपे फोफावतात. आणि लावणीला रोपांचे शेंडे खुडू नयेत, त्या जखमेतून जिवाणू आत शिरतो.