शून्य बिलाची किंमत

'पॉलिसी' या शब्दाचे आपल्या बोलण्यात दोन अर्थ झाले आहेत, विम्याचा कागद आणि कंपनीचे धोरण. सिंगापुरात पहिलीचे भवितव्य दुसरीवर ठरते, म्हणून हा लेखनप्रपंच.

येथील नागरिक व पीआर यांना मेडिशील्ड लाइफ आपोआप मिळते. त्यावर आपल्यापैकी पुष्कळांनी खाजगी रुग्णालयासाठी इंटिग्रेटेड शील्ड आणि वर रायडर घेतलेला असतो. एके काळी पूर्ण रायडर असला की रुग्णाला बिलातली एक पैही भरावी लागत नसे. विकायला याहून सोपी गोष्ट कोणती? ग्राहक खूष, कंपनीही खूष. पण लग्नाच्या पंगतीत वाढपी आग्रह करीत राहिला की पानात किती जिलब्या उरतात ते आपण जाणतोच. एक रात्र जास्त राहू, आलोच आहोत तर स्कॅनही करून टाकू! हात आखडता घ्यायचे कारण ना डॉक्टरला, ना रुग्णाला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात मर्यादा न घातलेली यंत्रणा अशीच एक दिवस बसते, आणि बसते ती सगळ्यांसाठीच.

दावे वाढले, मागोमाग हप्ते. आरोग्य मंत्रालयाने मार्च २०१८ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे १ एप्रिल २०१९ पासून नव्या रायडरमध्ये किमान ५ टक्के वाटा ग्राहकाकडे आला. ५०,००० डॉलरच्या बिलात २,५००. एवढ्यानेही भागले नाही. जून २०२५ मध्ये ग्रेट ईस्टर्नने माउंट एलिझाबेथच्या दोन्ही रुग्णालयांसाठी पूर्वमंजुरी देणे तात्पुरते थांबवले. दावा नंतर करता येत होता, पण आधी मिळणारा होकार गेला. नोव्हेंबरात मंत्रालयाने नवा नियम सांगितला: १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या रायडरने बिलातली किमान वजावट भरून द्यायची नाही, आणि ग्राहकाच्या वाट्याची वार्षिक कमाल मर्यादा ३,००० ऐवजी निदान ६,००० डॉलर हवी.

ग्राहकाने थोडा भार उचलावा हे मला पटते. रुग्णालयांचे दर चढे आहेत ही कंपनीची तक्रारही मी खोटी म्हणणार नाही. पण माणूस हप्ता भरतो तो भरती होण्याआधीच्या निश्चिंतीसाठी. तीच काढून घेतली तर पुढच्या वर्षी त्याने हप्ता का भरावा? शिवाय पूर्ण रायडर विकला तो कंपन्यांनीच. हे गणित कधीतरी चुकणार, हे त्यांच्या गणितज्ञांना दिसले नसेल असे मानणे मला जड जाते.

असो. रायडरचा हप्ता मेडिसेव्हमधून भरता येत नाही, रोख द्यावा लागतो. आज पस्तिशीत तो जाणवत नाही. म्हणून कंपनीच्या हप्त्यांच्या तक्त्यात सत्तरीची ओळ काढून पाहा. तोवर पगार थांबलेला असेल. आणि रागाने कंपनी बदलू नका. नवी कंपनी तब्येतीची चौकशी पुन्हा करते, आणि जुना मधुमेह वा रक्तदाब तिच्या संरक्षणातून वगळला जाऊ शकतो.