नळाची पहिली धार

जलवाहिनी फुटली की गल्लीत एकच प्रश्न असतो, पाणी कधी येणार? टँकर, शेजारची विहीर, पाहुण्यांकडून आणलेले कॅन असे करत दोन-तीन दिवस निघतात. मग एका पहाटे नळ खळखळतो आणि 'आले गं बाई पाणी!' म्हणत जो तो घागरी आणि पिंपे भरायला धावतो. खरे तर सावध राहायची वेळ तीच असते.

वाहिनीत दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर पडते. ती रिकामी झाली की उलटे होते. त्याच फटींतून भोवतालचे पाणी, शेजारून वाहणाऱ्या गटाराचेसुद्धा, आत झिरपते आणि पाणी सोडल्यावर पहिल्या धारेबरोबर आपल्या घरी येते. जवळच्याच हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी नळाचे पाणी तपासून २०१३ आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोवीस तास पाणी असलेल्या भागापेक्षा अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात जंतू जास्त सापडले. त्यातही पहिली धार आणि कमी दाबाची वेळ अधिक वाईट. राकसकोपचे पाणी असो वा हिडकलचे, शुद्ध होऊन निघाले तरी वाटेतला हा धोका उरतोच.

म्हणून पाणी सुटले की आधी संपकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करावा. पहिले पाणी बादल्यांत धरून संडासाला वापरावे. गढूळपणा आणि वास गेल्यावरच संप भरावा. नळाला थेट मोटर लावू नये. तिच्या ओढीने वाहिनीतला दाब घटतो आणि घाण आत खेचली जाते. ती आपल्याबरोबर शेजाऱ्यांच्या पोटातही जाते.

पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नव्हे. ते तपासून पिण्यायोग्य ठरल्याचे कळेपर्यंत उकळूनच प्यावे. इथे आमच्यासारख्या दुभाषी घरात एक गंमत होते. सासूबाई म्हणतात, 'नीर कासि इट्टेनि.' मराठीत आपण म्हणतो, 'पाणी तापवून ठेवलेय.' आंघोळीचे पाणीही कासतात आणि तापवतातच! पिण्याच्या पाण्याला शब्द हवा तो 'कुदिसिद नीर', म्हणजे उकळलेले पाणी. पातेल्यात सगळीकडून मोठे बुडबुडे उसळू लागल्यावर पुरते एक मिनिट उकळले की आपल्या भागात पुरे. गढूळ असेल तर आधी निवळू द्यावे आणि चौपदरी स्वच्छ कापडातून गाळून घ्यावे. घरातल्या साध्या कँडल फिल्टरने कावीळीचे विषाणू अडत नाहीत आणि गढूळ पाण्यात यूव्ही दिव्याचेही काम नीट होत नाही.

गॅस संपत आला असेल तर औषधाच्या दुकानात क्लोरीनच्या गोळ्या मिळतात. किती लिटरला किती, हे पाकिटावर वाचून त्याच प्रमाणात घालाव्यात. निदान अर्धा तास थांबावे. किंचित वास राहिला तर नाक मुरडू नये.

एवढे करून उकळलेल्या पाण्यात नातवंडांनी हात घालून पेला बुडवला की सगळे मुसळ केरात! भांडे घासून घ्यावे, झाकण ठेवावे, लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचे पिंप वापरावे. दात घासणे, तान्ह्याचे दूध, कोशिंबिरीची काकडी धुणे, बर्फ, या सगळ्याला हेच पाणी.

आता सर्वांत महत्त्वाचे. जुलाब दोन-चार दिवसांत होतात, म्हणून पाण्याची आठवण होते. पण टायफॉइड साधारण एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो, आणि दूषित पाण्यातून होणारी हेपेटायटिस-ई ही कावीळ दोन ते दहा आठवड्यांनी. तोवर फुटलेली जलवाहिनी कुणाच्या लक्षातही नसते. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ जिवावर बेतू शकते. अशी लेक-सून घरात असेल तर तिचे पाणी वेगळ्या झाकणबंद भांड्यात ठेवावे.

म्हणून वाचकहो, नळ पुन्हा आला त्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल खूण करा. पुढच्या दहा आठवड्यांत कुणाला ताप टिकून राहिला, अन्न नकोसे झाले, लघवी गडद होऊ लागली किंवा डोळे पिवळे दिसले, तर डॉक्टरांना ती तारीख आवर्जून सांगा. मराठीत सांगा की कन्नडमध्ये, पण सांगा.